मनोहरकाकांचं रोम

फोन वाजला तेव्हा मी गवार निवडत होते. इथे अमेरिकेत आमच्या पार्सिपनी गावातल्या देशी दुकानात गवार शनिवारी सकाळी येते आणि दुपारपर्यंत कोवळी तेवढी लोक उचलून नेतात, म्हणून मी दुकान उघडायच्या वेळेलाच जाते. फोनच्या पडद्यावर 'काका' असं नाव दिसलं आणि मला एकदम हलकं वाटलं. गेले काही दिवस त्यांच्यात फोन उचलण्याचंही त्राण नव्हतं. आज स्वतः लावलाय म्हणजे स्वारी जरा सावरलेली दिसते, असं मनाशी म्हणत मी फोन कानाला लावला आणि मोठ्यानं म्हटलं, "हं काका, बोला!" पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मग त्यांच्या मुलीचा, लीनाचा आवाज आला, "शुभाताई, इट्स मी..." ती त्यांच्या घरच्या फोनवरून बोलत होती. पुढचं तिला सांगावं लागलं नाही. मी पिशवी तिथेच ठेवली आणि गाडी त्यांच्या घराकडे घेतली. त्या 'बोला'मधला माझा आनंद लीनानं ऐकला, याचं मला अजून वाईट वाटतं.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. मधे बर्फ पडून गेला, काकांच्या घरासमोरचा रस्ता शेजाऱ्यांनी साफ केला. मी हे लिहायला कितीदा बसले आणि उठले. मनोहरकाका माझे सख्खे, चुलत, लांबचे, कुठलेच काका नव्हते. ते सांगलीकडचे, मी नागपूरची. ते एकोणीसशे साठच्या दशकात शिकायला म्हणून इकडे आले आणि पूल बांधणाऱ्या एका कंपनीत त्यांनी सगळी नोकरी केली. आम्ही, म्हणजे मी आणि माझा नवरा शिरीष, त्यांच्यानंतर कितीतरी वर्षांनी कॉम्प्युटरच्या लाटेवर बसून आलो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. मी प्रसादाच्या रांगेत उभी होते. खिशाला पेन लावलेले एक उंच गृहस्थ माझ्या द्रोणात खिरापत घालताना म्हणाले, "नवीन दिसताय. रोमला येणार का?" 'चहा घेणार का' असं विचारावं तितक्या सहज. मला वाटलं, म्हातारबुवांचं काहीतरी बिनसलंय. शेजारची बाई हसून म्हणाली, "येणार म्हणून टाका. आज नाही तर उद्या नेतीलच."

काकांचं हे रोमचं वेड मूळचं मालतीकाकूंमुळे. निवृत्त झाल्यावर दोघं युरोपच्या एका मोठ्या टूरबरोबर गेली होती. बसमधून उतरायचं, कानात यंत्र घालायचं आणि छत्री उंच धरलेल्या गाइडमागून पळायचं. काकूंचं इंग्रजी दुकानापुरतं, शेजारणीपुरतं उत्तम होतं, पण त्या गाइडचं इंग्रजी त्यांच्या कानावरून नुसतं वाहून गेलं. रोमच्या फोरममध्ये, म्हणजे त्या जुन्या शहराच्या मधल्या चौकाच्या अवशेषांत, त्यांनी यंत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि एका दगडावर बसून चक्क डुलकी काढली. संध्याकाळी हॉटेलवर काकांनी जेवता जेवता त्यांना दिवसभर ऐकलेलं मराठीत सांगितलं. काकू हातातला घास तसाच ठेवून ऐकत राहिल्या आणि शेवटी रागावल्याच. "अहो, मग हे तिथेच का नाही सांगितलंत? मी नुसते दगड बघून आले ना!" काकांनी त्यांना पुन्हा नेण्याचं कबूल केलं. परत येऊन ते पुस्तकं आणून वाचत बसले, नकाशे काढले. पण काकूंच्या गुडघ्यांनी आणि मग हृदयानं ते जमू दिलं नाही. त्या गेल्यावर दोन वर्षांनी काकांनी पहिल्यांदा मंडळातली काही मंडळी जमवली आणि जे काकूंना सांगायचं राहिलं ते आम्हाला सांगायला सुरुवात केली. हे त्यांनी कधी अशा शब्दांत म्हटलं नाही, पण त्यांच्याबरोबर गेलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. कारण गाइड लोक छत्री किंवा झेंडी धरतात, तसा काका काकूंचा तळणाचा लांब दांड्याचा झारा उंच धरून चालायचे. उन्हात तो असा चमकायचा की चुकणं शक्यच नव्हतं.

त्यांचा एकच नियम होता, अवशेषांत शिरलं की मराठी. एरवी ते आपल्या सगळ्यांसारखंच बोलायचे, 'एक्झिट मिस झाली', 'अपॉइंटमेंट कॅन्सल केली', काही सोवळं नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "इंग्रजीत मला माहिती देता येते गं. गोष्ट सांगता येत नाही." आणि खरंच, तिथे त्यांचा आवाज बदलायचा. कोलोसियमसमोर उभं राहून ते म्हणायचे, "आता तुम्ही तिकीट काढलंय असं समजा. पुढच्या रांगेत बडे लोक, मग आपण मध्यमवर्गीय आणि बायका कुठे? अगदी वर, उन्हात! म्हणजे काही बदललेलं नाही." चुन्यात ज्वालामुखीची राख कालवून ती माणसं काय ताकदीचं काँक्रीट करायची हे सांगताना ते भिंतीवर हात असा फिरवायचे, जसा आपण घरच्या गाईच्या पाठीवरून फिरवतो. अन्नपूर्णेच्या पाया पडावं तशा आमच्यातल्या दोघी-तिघी तिथल्या चुलीच्या देवीच्या देवळासमोर चपला काढून उभ्या राहिल्या, तर त्यांना ते वावगं वाटलं नाही. "काढा, काढा," म्हणाले. "फार वर्षांत कुणी काढल्या नसतील."

मी आणि शिरीष गेलो ते दोन हजार पाचच्या मे महिन्यात. बरोबर माझ्या सासूबाई होत्या. त्या ग्रीन कार्डावर आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि दिवसभर खिडकीशी बसून पार्किंगमधल्या गाड्या बघून बघून कोमेजल्या होत्या. दामले नावाचे एक निवृत्त डॉक्टर होते, काकांपेक्षाही वयानं मोठे, तरी त्यांना काकाच म्हणणारे. आणखी आठ-दहा जण. आणि त्या वर्षी पहिल्यांदाच लीना आली होती.

लीना काकांची एकुलती एक. तेव्हा तिशी ओलांडलेली, बॉस्टनला शाळेत विज्ञान शिकवते. इथेच जन्मलेली. ती बालवाडीत गेली तेव्हा दोन्ही भाषांची खिचडी करून बोलायची, म्हणून शाळेतल्या बाईंनी काका-काकूंना बोलावून सांगितलं की घरी मुलीशी फक्त इंग्रजी बोला, नाहीतर मागे पडेल. त्या काळी इकडे सगळ्यांनाच असं सांगायचे आणि आपली माणसं शिक्षकांचं ऐकणारी. काकांनी ते निष्ठेनं पाळलं. तिच्याजवळ मराठी उरलं ते 'चल', 'झोप', 'पुरे आता' एवढंच, तेही काकूंच्या तोंडून निसटलेलं. लीना माझ्याशी इंग्रजीतच बोलते, मी तिचं बोलणं इथे मराठीत लिहिते आहे.

त्या सहलीत पहिले दोन दिवस काकांनी प्रयत्न केला. आम्हाला सांगून झालं की ते लीनाकडे वळायचे आणि तिला इंग्रजीत सांगायचे. पण आमच्यासाठी जे दहा मिनिटं रंगलेलं असायचं ते तिच्यासाठी दोन वाक्यांत संपायचं. कमान कुणी बांधली, कधी बांधली, किती उंच. आम्ही सगळे अजून मागच्या विनोदावर हसत असायचो आणि ती मान हलवून "ओके, बाबा" म्हणायची. तिसऱ्या दिवशी तिनं दुकानातून इंग्रजी पुस्तक घेतलं आणि ती आमच्यामागून वाचत चालू लागली.

त्याच दिवशी फोरममध्ये तो प्रकार झाला. तिकडे परवान्याशिवाय कुणाला गाइडचं काम करता येत नाही. आमचे काका तर झारा उंच करून, खणखणीत आवाजात, हातवारे करत बोलत होते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, गणवेशातला एक माणूस कधी येऊन उभा राहिला ते कळलंही नाही. "यू गाइड? परमिट?" काका चपापले. झारा पाठीमागे लपवत म्हणाले, "नो गाइड. फॅमिली." त्यानं आमच्याकडे बघितलं, त्याचा काही विश्वास बसला नाही. त्यानं शिरीषला विचारलं, हा माणूस तुझा कोण? शिरीष म्हणाला, "माय अंकल." मला विचारलं. मी म्हटलं, "अंकल." खोटं कुठे बोलत होतो आम्ही? दामल्यांकडे बोट दाखवल्यावर तेही टक्कल पुसत गंभीरपणे म्हणाले, "अंकल." तो माणूस एकदा दामल्यांकडे बघे, एकदा काकांकडे. सासूबाईंना काय विचारताहेत ते कळलं नव्हतं, पण काहीतरी बालंट आलंय हे त्यांनी ओळखलं आणि त्या पुढे होऊन काकांच्या दंडाला धरून म्हणाल्या, "काका! काका!" तोपर्यंत आम्हाला हसू आवरेना, त्या माणसाच्याही मिशा हलायला लागल्या.

शेवटी त्यानं मागे उभ्या असलेल्या लीनाला विचारलं. ती म्हणाली, "आय ॲम हिज डॉटर."

तेव्हा तो जो हसला! त्याला वाटलं, ही सगळ्यांवर कडी करते आहे. कपाळावर हात मारून म्हणाला, "येस, येस! डॉटर!" लीना पुन्हा म्हणाली, "नो. ॲक्च्युअली हिज डॉटर." त्यावर तर तो डोळे पुसायला लागला आणि आम्ही सगळेच हसत सुटलो. काकासुद्धा. जरा हळू बोला, असं खुणेनं सांगून तो निघून गेला. मग काकांनी झारा पुन्हा वर केला आणि आम्ही निघालो. पुढे गेल्यावर मी सहज मागे बघितलं, तर लीना तिथेच उभी होती, पुस्तक मिटून.

संध्याकाळी हॉटेलच्या गच्चीवर ती एकटी बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. तीच आधी बोलली. "शुभाताई, तुम्हाला सगळ्यांना तो काय सांगतो? तुम्ही एवढे हसता, तुझ्या सासूबाई आज रडल्या. मी त्याला असं बोलताना कधी बघितलेलंच नाही. माझा बाबा पूल बांधतो, टायरमधली हवा बघतो आणि हवामानाचा अंदाज सांगतो. हा जो माणूस आहे ना, झारावाला... याला मी भेटलेलीच नाही. तुम्ही सगळे भेटलात." मी काहीतरी समजुतीचं बोलले. काय बोलले ते आठवत नाही, म्हणजे त्यात काही अर्थ नसणार. दुसऱ्या दिवशी आम्ही ओस्तियाला, रोमजवळच्या जुन्या बंदराचे अवशेष बघायला गेलो. लीना आली नाही. म्युझियम बघायचंय म्हणाली. काकांनी तिला बसचा नंबर लिहून दिला, टोपी घाल म्हणून सांगितलं, सगळं इंग्रजीत.

अमेरिकेत परतल्यावर काका 'ॲक्च्युअली हिज डॉटर'चा किस्सा मंडळात अनेकदा सांगायचे आणि फार सुंदर सांगायचे. पण मी एक पाहिलं, लीना आलेली असली की सांगायचे नाहीत. म्हणजे त्यांना कळलं होतं, काहीतरी लागलं होतं. पण एवढे मोठे पूल बांधलेला माणूस मुलीपाशी जाऊन काय बोलावं या विचारात अडकून बसला. दर रविवारी सकाळी ते तिला फोन करायचे. मी एक-दोनदा तिथे असताना ऐकलंय. गाडीचं ऑइल बदललंस का, तिकडे बर्फ किती पडलं, घर तापवायच्या फर्नेसचा फिल्टर बघ. फोन ठेवल्यावर बराच वेळ रिसीव्हरवर हात ठेवून बसायचे. मला त्यांचा राग यायचा. म्हणावंसं वाटायचं, काका, आम्हाला दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचं मन उलगडून सांगता, आणि इथे फिल्टर? पण वडीलधाऱ्यांना असं बोलायची आपल्याला सवय नसते. आणि आता बोलायला ते नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचं दुखणं निघालं तेव्हाच डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती. लीना सुट्टी टाकून येऊन राहिली. दिवाणखान्यात पलंग मांडला, नर्स घरी यायला लागली. लीनानं बापाचं जे केलं ते बघून इथली आमची पिढी चकित झाली. औषधांच्या वेळा, अंग पुसणं, पाठीला पावडर लावणं, सगळं ती करायची. दोघं बोलायची तेही त्याच रीतीनं, उशी वर करू का, लाइट बंद करू का, थँक यू, लीना. मग दुखणं वाढलं, वेदनेचं औषध वाढलं आणि त्या गुंगीत काकांचं इंग्रजी हळूहळू गळून गेलं. जे काही बोलत ते मराठी, छताकडे बघत, अर्धवट डोळ्यांनी.

एका दुपारी लीनानं मला ऑफिसात फोन केला. "तो सारखा काहीतरी सांगतोय. त्याला काही हवंय का, कुठे दुखतंय का, मला कळत नाहीये. प्लीज ये." मी तशीच उठून गेले. पलंगाशी वाकून ऐकलं. आवाज अगदी बारीक झाला होता, पण लय तीच होती. "...इथून जरा सांभाळून. पायरी मोडलेली आहे. सगळे आले का? मागचे येऊ देत... घाई नाही. दोन हजार वर्षं थांबलंय ते, आणखी दोन मिनिटं थांबेल..." लीनाचा चेहरा माझ्याकडे लागलेला. मी सांगितलं की त्यांना काही नको आहे, दुखतही नाहीये, ते लोकांना घेऊन रोममध्ये चालताहेत. तिनं त्यांचं पांघरूण नीट केलं. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "त्यात मी आहे का?"

मी पुन्हा वाकून ऐकलं. फार वेळ ऐकलं. मनापासून वाटत होतं की त्यांनी एकदा, एकदाच तिचं नाव घ्यावं. पण त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. काकूंचंही नाही. "सगळे आले का" एवढंच पुन्हा पुन्हा. मी लीनाला म्हटलं, "नावं नाहीत गं कुणाची. सगळ्यांना म्हणताहेत." ती म्हणाली, "हो. सगळ्यांना." आणि उठून कपड्यांच्या घड्या घालायला गेली. त्यानंतर आठवड्याभरातच तो शनिवार आला.

अंत्यसंस्कारानंतर मंडळानं शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा घेतली. हॉल भरून गेला होता. जो उठला त्यानं मराठीत आठवणी सांगितल्या, लोक हसले, रडले, पुन्हा हसले. दामले तर बोलता बोलता मधेच टक्कल पुसत जागेवर जाऊन बसले. लीना पहिल्या रांगेत काळा कोट घालून ताठ बसली होती. लोक हसले की मागे वळून बघायची, कशाला हसले म्हणून. सभा संपल्यावर एकेक जण येऊन तिचा हात हातात घेऊन म्हणत होता, "ही वॉज लाइक अ फादर टू मी." प्रत्येक जण मनापासून म्हणत होता. प्रत्येकाला ती "थँक यू" म्हणत होती. मला तिथून तिला उचलून कुठेतरी न्यावंसं वाटत होतं.

परवा ती घर आवरायला आली तेव्हा मी आणि शिरीष मदतीला गेलो. खोकी भरून झाली, आम्ही जमिनीवर बसलो होतो, तेव्हा तिनं विचारलं, त्या सहलीचे काही व्हिडिओ आहेत का? शिरीषचा चेहरा पडला. त्यानं त्या वर्षी नवा हँडीकॅम घेतला होता आणि दिसेल ते टिपलं होतं. पण काकांवर कॅमेरा धरला की ते खेकसायचे, "माझं थोबाड कशाला घेतोस? ते दगड घे, ते तुझ्या घरी नाहीत!" आणि हा शहाणा बाळ खरोखर दगड घेत राहिला. टेपांवर खांब आहेत, कमानी आहेत, आभाळ आहे, मांजरं आहेत, माझ्या चपला आहेत. काका कुठेच नाहीत. लीना म्हणाली, "पण आवाज असेल ना?"

शिरीष घरी जाऊन कॅमेरा आणि वायर घेऊन आला. टीव्ही अजून बांधला नव्हता. हाताला लागली ती टेप ओस्तियाची, ज्या दिवशी लीना आली नव्हती त्या दिवसाची. पडद्यावर गवतातून जाणारी दगडी फरसबंदी हलायला लागली आणि त्या रिकाम्या दिवाणखान्यात काका बोलायला लागले. मी तयारीत नव्हते. माझे डोळे भरूनच आले. लीना मात्र पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "सांग. सगळं सांग."

मी सांगायला लागले. ही खानावळ होती. हा कट्टा, यात मोठी मडकी बसवलेली असायची. ही बेकरी. पडद्यावर काळ्या दगडाची मोठाली जाती दिसत होती आणि एका जात्यावर माझ्या सासूबाईंचा हात, हिरव्या बांगड्यांसकट. त्या विचारत होत्या, "हे फिरवायचं कोण हो काका?" काका म्हणाले, "गाढवं फिरवायची आणि गुलाम. डोळ्यांवर पट्टी बांधायचे गाढवाच्या, म्हणजे आपण कुठेच पोचत नाही हे त्याला कळू नये." सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला कुणी पट्टी बांधली नव्हती. आम्हाला कळत होतं." मग टेपवर नुसता वारा ऐकू येत होता. थोड्या वेळानं काका म्हणाले, "आजी, जरा वेळ हात राहू द्या तिथे. फार दिवसांनी कुणीतरी ओळखीचं आलंय त्याच्याकडे." मी हे लीनाला इंग्रजीत सांगत होते आणि सांगता सांगता मला ऐकू येत होतं की माझ्या तोंडून निघतंय ते काहीच नाहीये. जातं, गाढव, बाईचा हात. माहिती. लीना मान हलवत होती, तशीच, "ओके, बाबा" म्हणताना हलवायची तशी. मला इतकं हताश वाटलं की मी मधेच थांबले. तीही पुढे विचारेना. आम्ही तिघं नुसतं बघत राहिलो. खांब, गवत, पुन्हा खांब.

मग एका नळापाशी कॅमेरा थांबला. तोटीतून पाण्याची धार चालू होती, कडेला आमच्या बाटल्यांची गर्दी. कुणीतरी घटाघट पीत असावं, कारण काकांचा आवाज एकदम जवळून आला, जरा दटावणारा. "अरे, उभ्यानं काय पिताय? उभ्यानं पाणी पिऊ नये. बसा. आधी खाली बसा, मग प्या."

मी सवयीनं तोंड उघडलं, ते इंग्रजीत सांगायला. लीनानं माझ्या हातावर हात ठेवला.

"हे मला येतं," ती म्हणाली. मराठीत म्हणाली.

पडद्यावर नळ वाहत होता. लीना इंग्रजीत बोलायला लागली, पण आमच्याशी नाही, टीव्हीशी. ती लहानपणी पोहून यायची, सायकल टाकून धावत घरात यायची, आणि नळालाच तोंड लावायची. रोज, रोज तो हेच म्हणायचा. शाळेतल्या बाईंनी काहीही सांगितलेलं असो, हे तो कधी इंग्रजीत म्हणाला नाही. मैत्रिणी असायच्या बरोबर, तिला लाज वाटायची. कॉलेजात गेल्यावर ती मुद्दाम उभ्यानं प्यायची. "मला वाटायचं, हे फक्त मला आहे," ती म्हणाली. "हे तो मलाच म्हणतो." मग जरा वेळानं, "मला आधी म्हणाला होता. त्यांना नंतर."

तिचा चेहरा ओला झाला होता, पण ती रडत नव्हती, किंवा रडत असेल तर ते तिला माहीत नव्हतं. शिरीषनं टेप थांबवायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, "राहू दे. त्याला बोलू दे." ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी सगळी खोक्यात गेली होती. खोकं फाडल्याचा आवाज आला, मग नळाचा. मी दारापर्यंत गेले. ती स्टीलचं भांडं हातात धरून सिंकपाशी उभी होती. दिवाणखान्यातून काका कुणालातरी हाका मारत होते, चला, सावलीत या. लीनानं भांडं ओठांपर्यंत नेलं आणि थांबली. मग कपाटाला पाठ लावून ती हळूहळू खाली, फरशीवर बसली. मांडी घालून नीट बसली. आणि मग प्यायली.